पाद्र्यानं पाण्यावर बोलू नये म्हणे!



डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने लिहिणं बंद होतं. आता लिहितेय ते जरा रागातच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या. (नातेवाइकांनी विशेष सांभाळून घ्यावं, कारण हा लेख तुमच्यापैकीच काही जणांसाठी आहे. नावं घेणार नाही, काळजी नसावी!)

वाद असा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले. तेव्हापासून आमच्याकडे चार माणसं जमली आणि त्यांचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : पाद्र्यानं प्रार्थना करावी, पाण्याच्या टँकरशी त्याला काय करायचंय? दुसरं : धर्म, पर्यावरण, साहित्य, तरुण पोरं... एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि तिसरं, आवाज जरा खाली आणून : अगं आत्या, हे सगळं वरवरचं असतं गं, आतून धर्मांतरच.

बोलणारे सगळे शिकलेले. एक जण तर वर्गात माझ्यासमोरच बसायचा. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

आधी एक सांगून टाकते. मी रोज देवपूजा करणारी, चतुर्थीचा उपास धरणारी बाई आहे. चर्चमध्ये आयुष्यात पाच-सहा वेळा गेले असेन, तेही लग्नाला नाहीतर मयताला. त्यामुळे मी कुणाची वकील नाही. पण चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि 'आपला विषय सोडून बोलू नका' हे वाक्य किती जणांनी किती वेळा ऐकवलं याचा हिशोब माझ्याकडे आहे. म्हणून हे वाक्य दुसऱ्याला ऐकवलं गेलं तरी माझे कान टवकारतात.

आता यवतमाळपासूनच सुरुवात करू. आजच्या पिढीला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण साऱ्या देशातून मुलं धर्मशास्त्र शिकायला जिथे येत, अशी एक मोठी संस्था आमच्या या कापसाच्या गावात तीस वर्षं होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी. १९५३ साली ती इथे उभी राहिली आणि १९८३ साली पुण्याला बिबवेवाडीला गेली. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम आमच्या जिल्ह्यात त्याच्याही आधीपासूनचं, उमरीचा मिशन दवाखाना जुन्या लोकांना माहीत आहेच. त्या सेमिनरीत ब्रूस निकोल्स हे न्यूझीलंडहून आलेले प्राध्यापक थिऑलॉजी शिकवत. सफीर अथ्याल हे पुढे तिथले प्राचार्य झाले. जगभरच्या ख्रिस्ती अभ्यासकांमध्ये ही नावं आदरानं घेतली जातात. आणि यवतमाळात? मी साठच्या दशकाच्या शेवटी इथे बी.ए. करत होते. ईशान्येकडची, केरळची मुलं बाजारात दिसायची. मोडक्या हिंदीत भाजीचा भाव करायची. 'मिशनची पोरं' एवढंच त्यांचं नाव. ती काय शिकतात, त्यांचे मास्तर काय शिकवतात, हे विचारावं असं या गावातल्या एकाही मराठी प्राध्यापकाला, संपादकाला, वकिलाला वाटल्याचं मला तरी ठाऊक नाही. संस्था आली तशी गेली. विहिरीवर तीस वर्षं राहट फिरत होता आणि आपण पाणी कुठे जातं ते पाहिलंच नाही, असा प्रकार.

थिऑलॉजीचा मास्तर शिकवतो तरी काय? आमच्या मंडळींचा समज असा की तो देव कसा दिसतो ते शिकवतो. मग पर्यावरण म्हणजे त्यानं विषय सोडला!

मी म्हणते, बायबलचा जुना करार एकदा उघडून तरी बघा. निम्मं पुस्तक शेतीचं आहे हो. आमच्या जिल्ह्यातल्या कुणाही खातेदाराला ते पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर समजेल. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते कशासाठी? मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आता हे 'राखण' आपल्याकडे कुणाला समजावून सांगायचं का? रानडुकरं आणि रोही येतात म्हणून थंडीत मचाणावर बसून रात्र काढणारा जागल्या आपण पाहिलेला आहे. माणूस हा या पृथ्वीचा जागल्या आहे, असं ते म्हणणं.

पुढे लेवीयच्या पुस्तकात तर सरळ सातबाराच काढून दाखवलाय. जमीन देवाची, माणूस तिच्यावरचं कूळ. कायमची विकायची नाही. सात वर्षांतून एक वर्ष जमिनीला विसावा द्यायचा, त्या वर्षी आपसूक उगवेल ते गरिबांनी खावं, उरलं तर रानातल्या जनावरांनी. पीक कापताना धुऱ्याच्या कडा सोडून द्यायच्या, पडलेली कणसं उचलायची नाहीत, तो सरवा विधवेचा, परक्याचा, पोरक्याचा. रूथ नावाची विधवा सून असाच सरवा वेचून सासूला जगवते, ती गोष्ट त्यांच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. आणि आठवड्याचा जो विसाव्याचा दिवस आहे ना, तो फक्त मालकाला नाही. गड्याला आहे, बैलाला आहे, गाढवाला आहे. आपण वर्षातून एकदा पोळ्याला बैलाची खांदेमळण करतो, त्याच्या शिंगांना बेगड लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपतो. त्यांच्याकडे कायद्यानं दर आठवड्याला पोळा! (प्रत्यक्षात कितपत पाळला जायचा ते सोडा. आपल्या तरी पोथ्यांतलं किती पाळलं जातं?)

आणि सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं, हेही तिथेच, अनुवादाच्या पुस्तकात. हे मी यवतमाळ जिल्ह्यात बसून लिहितेय, बरं का. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करप्यांनी १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसकट जीव दिला. त्या दिवसाची आठवण म्हणून अजूनही १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर २००८ ला कर्जमाफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. प्रत्येक वेळी शहरातल्या पाहुण्यांनी मला विचारलं, 'फुकट्यांना किती द्यायचं?' अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हा प्रश्न आलेला आहे. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज द्यायला हात आखडू नकोस, असं त्यात बजावलेलं आहे. हे शिकवणारा मास्तर कर्जाबद्दल बोलला तर तो विषय सोडतोय की विषयावर येतोय?

आता ख्रिस्ती धर्माचा पुळका आला का मला? मुळीच नाही. उलट निसर्गाच्या बाबतीत त्या धर्मावर जेवढा कडक आरोप झाला तेवढा क्वचितच कुणावर झाला असेल. लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं १९६७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती समजुतीतच आजच्या निसर्गनाशाचं मूळ आहे. म्हणजे घरच्याच माणसानं भर चौकात विचारलं. आणि लेखाच्या शेवटी त्यानंच सुचवलं की असिसीच्या संत फ्रान्सिसला निसर्ग जपणाऱ्यांचा पाठीराखा संत करा.

मला कौतुक वाटतं ते पुढच्या भागाचं. निषेध झाला असेल, आरडाओरडा झाला असेल, पण थिऑलॉजीच्या मास्तरांनी तो आरोप अभ्यासाला घेतला. पन्नास वर्षं त्यावर पुस्तकं लिहिली. 'सत्ता' या शब्दाचा अर्थ काय, मालकी की राखणदारी, यावर वाद घातले. १९७९ साली पोपनी संत फ्रान्सिसला खरोखरच तो मान दिला. २०१३ साली आलेल्या पोपनी नावच फ्रान्सिस घेतलं आणि २०१५ साली 'लाउदातो सी' हे पत्र काढलं, पृथ्वी म्हणजे सर्वांचं घर या विषयावर. हवामान, पाणी, गरिबी सगळं एका पत्रात. ते पोप २१ एप्रिल २०२५ ला वारले, पत्र मात्र वर्गावर्गांत शिकवलं जातंय.

आपल्यावर असा आरोप कुणी केला तर आपण काय करतो? 'आमच्या धर्मात नदी माता आहे' असं म्हणतो आणि त्याच मातेत निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सोडतो. वाघाडी नदी बघून या एकदा. माता! आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. स्वराज्याच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंब्या-फणसाला हात लावू नका, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवली आहेत, असा आशय आहे. मी तो शिकवलेला आहे. (गंमत म्हणजे वेढा घातलेल्या शहराची फळझाडं तोडू नका असा नियम जुन्या करारातही आहे. दोन टोकांची माणसं एकाच झाडाखाली येऊन बसतात ती अशी.) फरक इतकाच की त्यांच्याकडे हे तपासून बघणारा पगारी मास्तर असतो. आपल्याकडे स्वागताध्यक्ष असतो.

असो. आता वसई.

दिब्रिटो मूळचे वसईतल्या नंदाखालचे. १९७२ ला धर्मगुरू झाले. ते काही रूढ अर्थानं प्राध्यापक नव्हते, पण १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षं त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, आणि माझ्या मते तोच त्यांचा वर्ग. धर्माच्या मासिकात मराठी साहित्य, समाज, स्त्रिया, शेती सगळं येऊ लागलं. वाचणारे सगळे ख्रिस्ती नव्हते. 'सुबोध बायबल' लिहून त्यांनी जे केलं त्याची किंमत मराठीच्या शिक्षिकेला विचारा! जुन्या मिशनरी मराठीत अडकलेलं पुस्तक त्यांनी आजच्या, वाचवेल अशा मराठीत आणलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फादर स्टीफन्सनं १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं, पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून बायबलचं भाषांतर केलं, रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. त्या रांगेतला हा माणूस.

आणि तोच माणूस हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसई-विरारचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होत होता. केळीच्या बागा, पानमळे, फुलशेती, आणि या सगळ्याच्या पोटात गोड्या पाण्याच्या विहिरी. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याचा विचार नंतर. मग गावातल्या विहिरींतून टँकर भरून नव्या वसाहतींना पाणी विकायचं. समुद्राकाठची जमीन ती, गोडं पाणी बेसुमार उपसलं की खारं पाणी आत सरकतं. एकदा विहीर खारी झाली की केळ गेली, पान गेलं, माणूसही गेला. हे समजायला भूगोलाचं आठवीचं पुस्तक पुरतं. बोलायला मात्र छाती लागते, कारण टँकरच्या मागे पैसा होता आणि पैशाच्या मागे दांडगाई. दिब्रिटो बोलले. मार्कुस डाबरे आणि बाकी कार्यकर्त्यांसोबत उभे राहिले. धमक्या आल्या तरी बोलत राहिले.

आमचे भाचेबुवा म्हणतात, हे राजकारण झालं. बरं, राजकारण तर राजकारण! २०१८ चा उन्हाळा आठवतो का? निळोणा आटलं, चापडोह आटलं. यवतमाळ शहर रात्र-रात्र टँकरच्या मागे पळत होतं. भांडी रांगेत लावून आपण सगळे उभे होतो. तुम्ही, मी आणि ते भाचेबुवासुद्धा! त्या दिवसांत शहरातल्या कुठल्या व्यासपीठावरून, कुठल्या कीर्तनातून, कुठल्या प्रवचनातून कुणी विचारलं का, की हे पाणी कुणाच्या विहिरीतून येतंय आणि कोण विकतंय? माझ्या कानावर तरी आलं नाही. पाण्यावर बोलणारा पाद्री वसईत होता याचं दुःख करण्यापेक्षा यवतमाळात कुणीच नव्हतं याचं करा.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी काय झालं होतं? २०१७. कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारणारा मजूर पाठीवर पंप घेऊन शिरला की औषध पिकावर कमी आणि त्याच्या तोंडावर जास्त. जुलैपासून दवाखान्यात माणसं येऊ लागली. डोळ्यांना दिसेना, श्वास लागेना. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं मेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. चौकशी पथक नेमलं गेलं. प्रकरण पुढे पार स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या न्यायालयापर्यंत गेलं. मेलेल्यांत बहुतेक रोजंदारीवर जाणारे, भूमिहीन. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचं विष अंगावर घेतलं. याला पर्यावरण म्हणायचं, की गरिबी, की धर्म? मला वेगळं करून दाखवा.

'एक ना धड' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर इथेच आहे. या चिंध्या तुम्ही फाडल्या आहेत. कापड एकच होतं.

पोरांचाही प्रश्न त्याच कापडाचा. थिऑलॉजीच्या शिक्षणात एक गोष्ट मला फार हेवा वाटावी अशी आहे. शोक झालेल्या घरी काय बोलावं, आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, खचलेल्या माणसाजवळ कसं बसावं, याचं रीतसर शिक्षण तिथे देतात. त्याचा वेगळा विषय असतो. आमच्या बी.एड्.ला असा पेपर नव्हता. फलकलेखन होतं, पाठटाचण होतं, प्रश्नपेढी होती. आता सांगा, ज्या जिल्ह्यात मी शिकवलं तिथे बापाचा तेरावा उरकून मुलगा वर्गात येऊन बसतो. औषध पिऊन गेलेला बाप. मुलाच्या डोक्याचे केस अजून आलेले नाहीत. वर्गातली पन्नास पोरं त्याच्याकडे बघताहेत आणि बाईंनी 'उघडा पान बेचाळीस' म्हणायचं? अशी पोरं माझ्या वर्गात एक-दोन नव्हती. आम्ही शिक्षिकांनी आपापल्या परीनं केलं. कुणी फी भरली, कुणी डबा आणला, कुणी दहावीपर्यंत घरी ठेवून घेतलं. पण ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेलं होतं. एका बैठकीत मी म्हटलं, या मुलांसाठी शाळेत कुणीतरी ठरलेलं माणूस हवं. वरिष्ठांचं उत्तर आलं, 'बाई, तुम्ही मराठी शिकवा.' झालं! पुन्हा तेच, आपला विषय सोडून बोलू नका.

म्हणून जो प्राध्यापक सकाळी प्रार्थना शिकवतो, दुपारी नदीवर बोलतो आणि संध्याकाळी होस्टेलातल्या पोरापाशी बसतो, त्याला मी तीन धंदे करणारा मानत नाही. पुण्याच्या नगर रोडवर ज्ञानदीप विद्यापीठ आहे, तिथे जॉर्ज सोआरेस-प्रभू नावाचे जेझुइट नव्या कराराचे प्राध्यापक होते. मोठे विद्वान, परदेशात शिकलेले. येशूचं सांगणं इथल्या गरिबांच्या आणि दलितांच्या बाजूनं कसं वाचायचं, 'येशूचा धर्म' म्हणजे काय, यावर त्यांनी लिहिलं. १९९५ साली सायकलवरून जाताना मोटारसायकलनं उडवलं आणि त्यातच ते गेले. माझं तर त्या सायकलपाशीच मन अडतं. एवढा मोठा प्राध्यापक आणि वाहन कुठलं, तर सायकल! पर्यावरणावर व्याख्यान द्यायची त्याला गरज होती का, तुम्हीच ठरवा. वसईचे बिशप राहिलेले, नंतर पुण्याला गेलेले थॉमस डाबरे यांनी तर डॉक्टरेटच केली ती आमच्या तुकोबांच्या देवानुभवावर. तुकोबांवर नुसता हक्क सांगणारे शेकडो भेटतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षं बसून अभ्यास करणारा ख्रिस्ती निघाला, तर आपण आधी काय विचारतो? 'त्यात त्यांचा काय हेतू?'

आलेच तिसऱ्या वाक्यावर. धर्मांतर.

मिशनरी धर्मप्रसारासाठी आले होते हे कुणी लपवलेलं नाही. यवतमाळची सेमिनरी प्रचारक आणि पाळक तयार करण्यासाठीच होती. त्यावर वाद घाला, जरूर घाला, मीही घालीन. गरिबाच्या अडचणीचा फायदा घेऊन कुणी धर्म बदलायला लावत असेल तर ते मला मान्य नाही. पण हा आक्षेप आहे की चावी? कुठलंही कुलूप याच चावीनं बंद करायचं? टँकरवर बोलला, धर्मांतर. बायबल सोप्या मराठीत आणलं, धर्मांतर. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, धर्मांतर!

ते संमेलनाचं तर मला विशेष लागलं. आदल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०१९ ला, ९२ वं संमेलन आमच्या यवतमाळात होतं. अरुणाताई ढेरे अध्यक्ष. नयनतारा सहगल यांना बोलावून मग नको म्हणण्याची शोभा आपण करून घेतली होतीच. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे या शेतकरी विधवेनं, आणि खरं सांगायचं तर त्या संमेलनातला माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग तोच. पुढच्या वर्षी उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३ वं संमेलन, अध्यक्ष फादर दिब्रिटो. निवड जाहीर झाल्याबरोबर धमकीचे फोन सुरू. पाद्री कसा अध्यक्ष? मराठीच्या अध्यक्षपदावर मराठी लिहिणाऱ्या माणसाचा धर्म विचारला गेला हो! १० जानेवारी २०२० ला तो माणूस, प्रकृती बरी नसताना, उभा राहिला आणि असहिष्णुतेवर, मराठीच्या अवस्थेवर, झाडा-पाण्यावर बोलला. इतकं बोलून कोणाचं धर्मांतर झालं? मांडवात हजारो होते. एकही बाटल्याची बातमी नाही.

आता एक प्रश्न मी उलटा विचारते. गाडगेबाबांना कुणी म्हटलं का, की बाबा, तुम्ही कीर्तन करा, झाडू खाली ठेवा? धर्मशाळा, वसतिगृहं कशाला बांधता? तुकडोजी महाराजांना कुणी म्हटलं का, की भजन म्हणा, ग्रामगीतेत संडास-गटार कशाला आणता? विनोबांना म्हटलं का, की गीता सांगा, जमिनी कशाला मागता? (त्याच विनोबांनी 'ख्रिस्तधर्म-सार' काढलं, ते पवनारच्या माणसाला कुणी बाटगा म्हणालं नाही.) हे तिघंही आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या मातीशी जोडलेले. त्यांनी जे केलं त्याला आपण संतांचं काम म्हणतो, पुतळे उभारतो, विद्यापीठांना नावं देतो. तेच काम झगा घातलेल्या माणसानं केलं की तो विषयांतर करतो? मग तुमचा आक्षेप कामावर नाहीच. झग्यावर आहे. तसं स्पष्ट बोला, म्हणजे मलाही स्पष्ट बोलता येईल.

भाचा म्हणाला, 'मग आत्या, तू आता चर्चला जाणार का?' नाही रे बाबा. माझा गणपती मला पुरतो. पण माझ्या गणपतीच्या मंडपात कधी फवारणीवर चार शब्द निघावेत एवढी माझी इच्छा आहे, आणि ती मी नुसती इथे लिहून ठेवलेली नाही. आमच्या भागात दरवर्षी सप्ताह असतो. गेल्या वर्षी मी समितीकडे गेले होते. म्हटलं, सात दिवसांतली एक संध्याकाळ द्या. कृषी खात्यातल्या निवृत्त माणसाला बोलवू, तोंडाला काय बांधावं, वारा कुठून असताना फवारू नये, भोवळ आली तर काय करावं, एवढंच तो सांगेल. समोर बसणाऱ्या बायकांतल्या निम्म्यांची माणसं आणि पोरं फवारणीला जातात. महाराजांनीही हो म्हटलं होतं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, 'आजी, हे धार्मिक व्यासपीठ आहे.'

या वर्षीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. अर्ज लेखी लिहिलाय, खाली अकरा बायकांच्या सह्या आहेत. ज्यांना बारावी सही करायची असेल त्यांनी बुधवारपर्यंत घरी यावं. चहा मिळेल.